आमदारामार्फत विधानसभेत प्रश्न कसा न्यावा : इंदूरच्या मराठी रहिवाशांसाठी

इंदूरला नव्याने आलेल्या मराठी माणसाची अडचण बहुतेक वेळा दोनपैकी एक असते. नळाला गढूळ पाणी येतं, ड्रेनेज तुंबतं, दाखला मिळत नाही, सरकारी दवाखान्यात औषध नसतं, ही एक. पैसे मंजूर झाले म्हणतात पण खात्यात येत नाहीत, ही दुसरी. दोन्हींवर शेजारचा सल्ला एकच : 'भैयांकडे जा.' भैया म्हणजे आपल्या भागाचे आमदार. त्यांच्याकडे जाऊन नक्की काय मागायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. मग माणूस म्हणतो, 'जरा साहेबांना एक फोन करा.' फोनवर कधी टँकर येतो, कधी जेसीबी येतं. पण फोनचा कागद होत नाही आणि पुढच्या महिन्यात आपण परत तिथेच.

आमदाराच्या हातात फोनपेक्षा भक्कम गोष्ट आहे. तो भोपाळला विधानसभेत सरकारला प्रश्न विचारू शकतो आणि संबंधित मंत्र्याला त्याचं लेखी उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवावं लागतं. त्यात जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर तो विशेषाधिकार भंगाचा विषय होतो. म्हणून खात्यातले अधिकारी ते उत्तर १८१च्या, म्हणजे सीएम हेल्पलाइनवरच्या तक्रारीसारखं सहज लिहून मोकळे होत नाहीत. हा रस्ता सामान्य माणसाला खुला आहे, फक्त त्याची तयारी आपल्याला करावी लागते. प्रश्न विचारतो आमदार, पण चांगला प्रश्न लिहिलेला असतो तो ज्याच्या घरात पाणी येत नाही त्याने.

आधी पाहा, काम कोणाचं आहे

इथे सर्वांत जास्त वेळ वाया जातो. इंदूर नगर निगमचे ८५ वॉर्ड आहेत आणि प्रत्येक वॉर्डाचा पार्षद, म्हणजे आपला नगरसेवक. गल्लीतला दिवा, कचरागाडी, चेंबरचं झाकण ही पार्षदाची आणि झोन कार्यालयाची कामं. त्यांसाठी विधानसभा गाठू नका. पण तीच अडचण वॉर्डभर असेल, पैसा राज्याचा असेल किंवा निगम वारंवार सांगूनही हलत नसेल, तर तो नगरीय विकास एवं आवास विभागाचा प्रश्न होतो आणि विधानसभेत विचारता येतो. सरकारी शाळा, जिल्हा रुग्णालय, महसूल, पोलीस, वीज कंपनी, राज्याच्या ताब्यातले रस्ते हे सगळं थेट राज्याचं.

रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, पोस्ट, भविष्यनिर्वाह निधी, पासपोर्ट हे केंद्राचं. तिथे आमदाराचा प्रश्न टिकत नाही, खासदार हवा. इंदूर-मनमाड रेल्वेमार्गाचं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या या मार्गाला मंजुरी दिली, अंदाजे खर्च १८,०३६ कोटी रुपये. मार्ग कुठून जाणार, पैसा किती आला, काम कधी सुरू, हे रेल्वे मंत्रालयाला म्हणजे लोकसभेत किंवा राज्यसभेत विचारायचं. शेताची मोजणी चुकली, नामांतरण (आपला फेरफार) अडकलं, पटवाऱ्याच्या म्हणजे तलाठ्याच्या नोंदीत विहीर दाखवलीच नाही, हे राज्याच्या महसूल खात्याचं. एकाच जमिनीचे दोन प्रश्न, दोन सभागृहांत. ते एका कागदावर कालवून दिले तर दोन्हीकडून 'आमच्या अखत्यारीत नाही' असंच उत्तर येईल.

कोण विचारू शकतं, कोण नाही

इंदूर जिल्ह्यात विधानसभेच्या ९ जागा आहेत : शहरात इंदूर-१ ते इंदूर-५, शिवाय राऊ, महू, सांवेर आणि देपालपूर. मंत्री झालेला आमदार सरकारचाच भाग असतो, त्यामुळे तो प्रश्न विचारत नाही, उत्तर देतो. २०२३च्या निवडणुकीनंतर इंदूर-१चे कैलाश विजयवर्गीय आणि सांवेरचे तुलसी सिलावट मंत्री झाले. राहिले ७. तुमचा आमदार मंत्री असेल तर निवेदन त्यालाच द्या, कारण काम करून घेण्याची ताकद त्याच्याकडे जास्त. प्रश्न मात्र दुसऱ्याकडून न्या. आमदाराला स्वतःच्या मतदारसंघाबाहेरचा प्रश्न विचारायला काही आडकाठी नसते.

आपल्या लोकांना एक शंका नेहमी असते : आमदार सत्तेतल्या पक्षाचा, मग तो सरकारला अडचणीत का आणेल? २०२३ला जिल्ह्यातल्या नऊच्या नऊ जागा भाजपला गेल्या, तेव्हा शंका रास्त आहे. पण विधानसभेची कुठल्याही दिवसाची प्रश्नोत्तरी उघडून बघा, सत्ताधारी आमदारांचे प्रश्न तिथे भरपूर दिसतात. त्यांनाही मतदारसंघाची कामं करून घ्यायची असतात आणि लेखी उत्तर त्यांनाही उपयोगी पडतं. प्रश्नाची भाषा आरोपाची नसेल तर बहुतेक जण तयार होतात. तरीही नाहीच म्हणाले तर शेजारच्या जिल्ह्यातला विरोधी पक्षाचा आमदार हा पर्याय आहे. त्यात कसलाही द्रोह नाही.

खासदाराच्या बाबतीत महूकरांनी एक लक्षात ठेवावं. महू जिल्ह्याने इंदूरमध्ये असलं तरी लोकसभेसाठी ते धार मतदारसंघात येतं. २०२४पासून धारच्या खासदार सावित्री ठाकूर केंद्रात राज्यमंत्री आहेत, म्हणजे त्या प्रश्न विचारणाऱ्यांत नाहीत. महूच्या लोकांनी इंदूरचे खासदार किंवा मध्य प्रदेशातून राज्यसभेवर गेलेल्या ११ सदस्यांपैकी कोणाला तरी गाठावं. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. दिवसाला २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) प्रश्न यादीत येतात. प्रश्न साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो. सुमित्रा महाजन, आपल्या ताई, चिपळूणच्या माहेरवाशीण, १९८९ ते २०१४ सलग आठ वेळा इंदूरहून निवडून गेल्या आणि पुढची पाच वर्षं लोकसभेच्या अध्यक्ष म्हणून हाच प्रश्नकाळ चालवत होत्या. इंदूरच्या मराठी घरात संसदेचं कामकाज परकं वाटण्याचं कारण नाही.

प्रश्नाआधीचे कागद

रिकाम्या हाताने आमदाराकडे जाऊ नका. आमदाराचा निज सहायक, म्हणजे पीए, पहिलं हेच विचारतो : '१८१ पे डाला क्या?' सीएम हेल्पलाइन १८१वर तक्रार नोंदवा आणि क्रमांक लिहून ठेवा. तक्रार खालच्या स्तरावरून वर सरकत जाते. मध्येच एखाद दिवशी फोन येतो, आवाज फार गोड असतो : 'शिकायत बंद करवा दीजिए, आपका काम हो जाएगा.' काम होण्याआधी हो म्हणू नका. एकदा तुमच्या संमतीने तक्रार बंद झाली की कागदोपत्री तुम्ही समाधानी, आणि तोच कागद पुढे तुमच्याविरुद्ध दाखवला जातो. म्हणणाऱ्याचं नाव, पद आणि तारीख वहीत टिपा आणि सांगा, काम झालं की मीच बंद करीन.

मंगळवारची जनसुनवाई, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात ती बैठक, ही दुसरी जागा. मोती तबेल्याला कलेक्टर कार्यालयात अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. शिक्का नसलेली प्रत म्हणजे तुम्ही गेलाच नव्हता.

तिसरी गोष्ट लोकांना माहीत नसते आणि तिचंच मला जास्त सांगावंसं वाटतं. मध्य प्रदेशात २०१०पासून लोकसेवा हमी कायदा आहे, असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. यादीतल्या प्रत्येक सेवेला दिवसांची मुदत असते. अर्ज लोकसेवा केंद्रात दिला की मिळणाऱ्या पावतीवर ती तारीख छापलेली असते. मुदत टळली तर पहिलं अपील, मग दुसरं अपील. दुसऱ्या अपिलात अधिकाऱ्याला उशिराच्या प्रत्येक दिवसाचे २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० रुपये, दंड होऊ शकतो आणि त्या दंडातून अर्जदाराला भरपाई देण्याचा आदेशही होऊ शकतो. रक्कम मोठी नाही. पण ती अधिकाऱ्याच्या खिशातून जाते, म्हणून पावती जपून ठेवलेल्या अर्जदाराशी कार्यालय वेगळं वागतं. अर्ज तोंडी किंवा साध्या कागदावर देऊन येणाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही.

माहितीचा अधिकार तुम्हाला ठाऊक असेलच : १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. त्यात फाइलची नोटशीट, म्हणजे अधिकाऱ्यांचे शेरे असलेली पानं, मागा. फाइल कोणाच्या टेबलावर किती दिवस पडली, हे नोटशीटवरूनच कळतं आणि पुढे प्रश्नात नेमकी तारीख घालता येते.

पैसा कोणत्या खात्याचा, हे ओळखा

'नुकसानभरपाई' हा एकच शब्द आपण सगळ्याला वापरतो. सरकारी दप्तरात मात्र त्याचे वेगवेगळे कप्पे आहेत. कप्पा चुकला की मंत्री 'जी नहीं' म्हणून मोकळा होतो, आणि तसं म्हणताना तो खोटं बोललेलाही नसतो.

वीज पडून, साप चावून, पुरात वाहून माणूस गेला, गारपिटीने पीक गेलं, घर पडलं, तर मिळते ती राहत राशि. तिचा आधार राजस्व पुस्तक परिपत्र ६-४, बोलीभाषेत 'आरबीसी छह-चार'. मृत्यूसाठी वारसांना ४ लाख रुपये. प्रकरण तहसील कार्यालयात बनतं, शवविच्छेदन अहवाल आणि पंचनामा लागतो. पिकाचा विमा याहून वेगळा : तो विमा कंपनीकडून, कृषी विभागामार्फत. शेतकऱ्याला दोन्ही मिळू शकतात, पण प्रश्न दोन वेगळ्या मंत्र्यांना.

जमीन घेतली तर मिळतो तो मुआवजा. १ जानेवारी २०१४पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्यात बाजारभावाने काढलेल्या रकमेवर १०० टक्के सोलेशियम म्हणजे तितकीच जादा रक्कम आहे. इथे प्रश्न असा हवा की अवॉर्ड (भरपाईचा निवाडा) कोणत्या तारखेचा, दर कोणत्या वर्षीच्या गाइडलाइनचा (सरकारी दरपत्रकाचा), सोलेशियम धरलं का.

आणि एक असते घोषणा. ३० मार्च २०२३ला, रामनवमीच्या दिवशी, स्नेहनगरच्या बेलेश्वर महादेव मंदिरात बावडीवरची, म्हणजे जुन्या पायविहिरीवरची, फरशी खचली आणि ३६ माणसं गेली. त्या दुःखाची आठवण शहराला आजही आहे. तेव्हा वारसांना राज्याकडून ५ लाख आणि पंतप्रधान मदत निधीतून २ लाख रुपये जाहीर झाले. जाहीर झालेली मदत परिपत्रकाच्या रकमेपेक्षा वेगळी असते आणि तिच्यासाठी वेगळा आदेश निघावा लागतो. अशा कुठल्याही दुर्घटनेनंतर विचारायचं ते हेच : आदेश क्रमांक काय, दिनांक काय, सरकारी हिशेबाच्या कोणत्या शीर्षातून पैसे गेले, किती वारसांच्या खात्यात कोणत्या तारखेला जमा झाले, चौकशी अहवाल कधी आला, आणि शहरात झाकलेल्या विहिरींची पाहणी झाली का. शेवटचा प्रश्न विसरू नका. भरपाई गेलेल्यांसाठी असते, पाहणी राहिलेल्यांसाठी.

प्रकरण न्यायालयात असेल तर थांबा. न्यायप्रविष्ट बाबीवरचा प्रश्न सहसा स्वीकारला जात नाही. इंदूरची हुकुमचंद कापड मिल १९९१च्या डिसेंबरात बंद पडली, कामगारांची देणी न्यायालयातून लढत लढत २०२३च्या डिसेंबरात २२४ कोटींच्या धनादेशापर्यंत आली. असल्या लढाईत सभागृहात 'हक्काची रक्कम किती' असं विचारता येत नाही. 'न्यायालयाच्या अमुक दिनांकाच्या आदेशाचं शासनाने पालन केलं का', हे मात्र विचारून बघता येतं.

मसुदा लिहिणं

मसुदा हिंदीत लिहा. मध्य प्रदेश विधानसभेचं कामकाज हिंदीत चालतं आणि आपला मजकूर जितका तयार, तितका निज सहायकाच्या हातून न बिघडता पुढे जातो. एका मागणीपत्राचा हा नमुना पाहा : 'हमारी तहसील में बिजली गिरने से मरे लोगों के परिवार परेशान हैं, अधिकारी सुनते नहीं, कृपया न्याय दिलाएँ.' यातलं दुःख खरं आहे. पण यात विचारलंय काय? मंत्री उत्तर देईल, 'नियमानुसार कार्यवाही की जा रही है.' आणि तेही बरोबरच असेल.

तीच गोष्ट अशी लिहा :

'क्या राजस्व मंत्री महोदय यह बताने की कृपा करेंगे कि (क) इंदौर जिले की देपालपुर तहसील में १ अप्रैल २०२४ से प्रश्न दिनांक तक राजस्व पुस्तक परिपत्र ६-४ के अंतर्गत जनहानि के कितने प्रकरण प्राप्त हुए? (ख) इनमें से कितनों में राशि स्वीकृत हुई, कितनों में भुगतान हुआ, कितने लंबित हैं? प्रकरणवार, दिनांक सहित बतावें. (ग) लंबित प्रकरणों में विलंब का कारण क्या है और इसके लिए कौन उत्तरदायी है? (घ) शेष भुगतान कब तक कर दिया जाएगा?'

यात एकही विशेषण नाही. ठिकाण, कालावधी, नियम आणि संख्या, एवढंच. 'प्रश्न दिनांक तक' हे शब्द फार कामाचे : त्यामुळे खात्याला मागच्या वर्षाचा जुना तक्ता चिकटवता येत नाही. 'प्रकरणवार' म्हटलं नाही तर नुसती बेरीज येते आणि तुमचं प्रकरण त्या बेरजेत दिसत नाही. आणि (ग) उपप्रश्न वगळू नका, बऱ्याचदा नुसता तो छापला जाणार या धाकानेच रक्कम जमा होते.

एका कुटुंबाचा प्रश्न एका कुटुंबाचा म्हणून विचारू नका. सभागृहात सार्वजनिक महत्त्वाची बाब लागते. तहसीलभराची संख्या विचारा, तुमचं प्रकरण आपोआप यादीत येईल. मत विचारू नका, टोमणा मारू नका, कोणाच्या चारित्र्यावर लिहू नका, वर्तमानपत्रातल्या बातमीवर सगळा भार टाकू नका. यातल्या प्रत्येक कारणाने प्रश्न सचिवालयातच अडतो. ऑपरेशनसाठी तातडीने पैसे हवे असतील तर प्रश्नाच्या मागे लागूच नका. त्यासाठी मुख्यमंत्री स्वेच्छानुदानाचा, म्हणजे मुख्यमंत्री आपल्या अधिकारात देतात त्या मदतीचा, अर्ज आमदाराच्या शिफारशीसह द्या, तो रस्ता जवळचा.

तारांकित की अतारांकित? तारांकिताला सभागृहात तोंडी उत्तर आणि पूरक प्रश्न, अतारांकिताला फक्त लेखी. ज्यात आकडे आणि तक्ते हवेत तो अतारांकित चांगला. ज्यात मंत्र्याकडून 'करतो' हे सभागृहात वदवून घ्यायचंय, तो तारांकित. प्रश्नकाळ मात्र एकाच तासाचा, यादीतले सगळे तारांकित प्रश्न पुकारले जात नाहीत. ऐनवेळची आपत्ती असेल तर नियम १३८ (१) खाली ध्यानाकर्षण किंवा नियम २६७-क खाली शून्यकालाची सूचना मागा. महाराष्ट्रातली लक्षवेधी ती इथली ध्यानाकर्षण.

देण्याची वेळ आणि रीत

अधिवेशनाची अधिसूचना निघते, तेव्हाच प्रश्न देण्याच्या तारखा ठरतात. अधिवेशन सुरू झाल्यावर गेलात तर उशीर झालेला असतो. वर्षात साधारण अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी अशी तीन अधिवेशनं. तारखा जाहीर झाल्या की त्याच आठवड्यात आमदाराच्या कार्यालयात जा. एका पानावर प्रश्न, दुसऱ्या पानावर पाच ओळींत पार्श्वभूमी, मागे १८१चा क्रमांक, जनसुनवाईचा शिक्का, लोकसेवेची पावती. रामबाग असो, लोकमान्य नगर असो, सुदामा नगर असो, गल्लीतल्या चार बिगरमराठी शेजाऱ्यांच्याही सह्या घ्या. पाणी सगळ्यांचंच गढूळ असतं आणि आमदार सह्यांमध्ये आपले मतदार बघतो, हे स्वाभाविक आहे.

उत्तर आल्यावर

उत्तरं विधानसभेच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरीत तारखेनुसार मिळतात. आमदाराच्या कार्यालयातूनही प्रत मागा, कारण तक्ते बऱ्याचदा परिशिष्टात असतात.

'जानकारी संलग्न परिशिष्ट अनुसार है' असं दिसलं तर परिशिष्ट मिळवल्याशिवाय घरी बसू नका, खरा माल तिथेच असतो. 'शेषांश का प्रश्न उपस्थित नहीं होता' म्हणजे (क)ला 'जी नहीं' म्हणून पुढचं सगळं उडवलं. तेव्हा (क) चुकीच्या खात्याला किंवा चुकीच्या नियमाखाली विचारला गेला का, ते तपासा. 'समय-सीमा बताया जाना संभव नहीं है' हे उत्तर आलं तर पुढच्या अधिवेशनात विचारायचं : विलंबाची कारणं काय आणि आतापर्यंत काय काय केलं, दिनांकवार.

'जानकारी एकत्रित की जा रही है' हे उत्तर सर्वांत जास्त भेटतं आणि लोक तिथेच खचतात. खचू नका. असं उत्तर अपूर्ण धरलं जातं आणि पुढच्या अधिवेशनांत 'अपूर्ण उत्तरों के पूर्ण उत्तरों का संकलन' पटलावर ठेवलं जातं. त्यात आपला प्रश्न क्रमांक शोधा. नसेल तर आमदाराला प्रश्न एवं संदर्भ समितीकडे लिहायला सांगा. मंत्र्याने 'परीक्षण कराया जाएगा' किंवा 'भुगतान कर दिया जाएगा' असं म्हटलं असेल तर तो आश्वासनाचा विषय होतो आणि शासकीय आश्वासनों संबंधी समिती त्याचा पाठपुरावा करू शकते.

उत्तरातली माहिती खोटी वाटली तर संतापून पत्रक काढण्याआधी पुरावा जुळवा. तक्त्यात 'भुगतान किया गया' लिहिलंय आणि पासबुकात नोंद नाही, तर त्या तारखेपासूनचं बँकेचं खाते-विवरण घ्या, त्यावर शाखेचा शिक्का घ्या आणि दोन्ही कागद एकत्र टाचून आमदाराला द्या. कोषालयातून रक्कम चुकीच्या खाते क्रमांकावर गेली असेल तर तेही इथेच उघड होतं. हीच जोडी दुसऱ्या अपिलात, कलेक्टरच्या जनसुनवाईत किंवा गरज पडली तर उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठातल्या याचिकेत जोडता येते. प्रतींचे तीन संच करा आणि मूळ पासबुक कोणत्याही कार्यालयात ठेवून येऊ नका.